बोजाऱ्याच्या दिवशीचा फोटो

ती घटना आठवली की आधी माझ्या ठाण्याच्या दारातला बाक डोळ्यांसमोर येतो. सागवानी, जुना, एका पायाखाली विटेचा तुकडा सरकवलेला. असल्या बाकांवर मी नोकरीभर माणसं बसवली. खिसेकापू बसवले, मोहाची दारू गाळणारे बसवले, भांडून आलेले नवरा-बायको दोन टोकांना बसवले. त्यातल्या कोणाचं मला फारसं वाईट वाटत नाही. एकाच माणसाचं वाटतं. तो फोटोग्राफर होता आणि त्याने काहीही केलेलं नव्हतं.

नावं कोणाचीच लिहीत नाही. गावं लहान आहेत, माणसं हयात आहेत, आणि माझ्या चुकीपायी त्यांना पुन्हा चव्हाट्यावर आणायची इच्छा नाही.

चंद्रपूर जिल्ह्याच्या धानपट्ट्यात, वैनगंगेच्या अलीकडे, एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. त्याआधी सहा वर्षं गडचिरोलीत काढली होती. त्या सहा वर्षांनी एक सवय लावली होती, ती आधीच सांगतो. तिकडे पुलाजवळ, चौकीजवळ, टॉवरजवळ कोणी कॅमेरा काढला की पहिला प्रश्न ‘कोणासाठी?’ हा असायचा. त्याला तशी कारणंही होती. पण सवय अशी की बदली झाली तरी सामानाबरोबर येते. गळ्यात मोठा कॅमेरा अडकवलेला माणूस दिसला की माझ्या कपाळावर आठी पडायचीच. तोच कॅमेरा मोहर्लीच्या जंगलाच्या गेटवर वाघासाठी आलेल्या पाहुण्याच्या गळ्यात असला तर त्याच्यासाठी जिप्सी तयार, गाईड तयार, चहा तयार. हातभर लांबीच्या लेन्सला तिथे सलाम ठोकतात. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून तीच लेन्स धानाकडे वळवा, लोक कॉलर धरतात. हे मी पाहिलेलं आहे, म्हणून सांगतो.

ऑगस्टचे दिवस होते. सकाळची हजेरी संपली होती, ठाणे अंमलदार स्टेशन डायरीत नोंद घेत होता, आणि मी कोर्टाच्या समन्सचा गठ्ठा पाहत बसलो होतो. फोन आला तो हद्दीतल्या एका गावच्या पोलीस पाटलाचा. माणूस साठीच्या आसपासचा, आठ-दहा एकर धानाचा धनी, कामाला चोख. त्याने कळवलेली बातमी तोवर खोटी निघाली नव्हती.

“साहेब, लवकर गाडी पाठवा जी. फोटोवाला पकडला. लोकं लय तापले आहेत, मारून टाकतीन त्याले.”

गाडी पाठवली नाही, स्वतःच गेलो. गावाच्या वेशीवर शंभरेक माणसं होती. मधोमध एक पंचेचाळिशीचा माणूस मातीत बसला होता. शर्टाची बाही खांद्यापासून फाटलेली, ओठ फुटलेला, आणि कॅमेरा मात्र दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला. पाटलाने कॅमेऱ्याच्या पट्ट्याचं दुसरं टोक मुठीत घट्ट आवळलं होतं.

प्रकरण काय, ते तिथेच कळलं. पण ते समजायला आमच्याकडची एक रीत माहीत असायला हवी. रोवणीचा शेवटचा दिवस म्हणजे बोजारा. महिनाभर कमरेत वाकून, गुडघाभर चिखलात धान रोवलेल्या बायका त्या दिवशी मोकळ्या होतात. शेवटची पेंढी रोवली की चिखलफेक सुरू. शेतधनी सापडला तर त्याला लोळवतात, धुऱ्यावरून जाणारा सापडला तर त्यालाही सोडत नाहीत. गाणी म्हणतात, नाचतात, मग धन्याकडून जेवण वसूल करतात. वर्षात तो एक दिवस असा की गावातला कितीही मोठा माणूस असो, बायकांच्या हातून चिखल खातो आणि हसतो. त्याचा राग कोणी धरत नाही.

आदल्या दिवशी पाटलाच्याच शेतात बोजारा झाला होता. संध्याकाळी त्याचा एक फोटो मोबाईलवरून फिरू लागला. रोवणीच्या टोळीची म्होरकी, पन्नाशी ओलांडलेली एक बाई, लुगडं मांडीपर्यंत खोचलेलं, अंगभर चिखल, हात वर करून धावते आहे. खाली कोणीतरी एक ओळ लिहिली होती. ती मी इथे लिहिणार नाही. रात्र व्हायच्या आत तो फोटो चार गावांत पोचला, आणि वडशाला राइस मिलमध्ये काम करणाऱ्या त्या बाईच्या मुलालाही त्याच्या सोबत्याने तो दाखवला. मुलगा सकाळी पहिल्या गाडीने गावात आला. आणि नेमका त्याच सकाळी हा फोटोग्राफर आदल्या दिवशीच्याच जागी, रस्त्याच्या कडेला, पुन्हा कॅमेरा लावून उभा होता. आदल्या दिवशी त्याला तिथे दहा जणांनी पाहिलं होतं.

ज्याच्या हाती ससा तो पारधी. गावाने तेच ठरवलं, आणि मीही.

“याले आत टाका साहेब,” मुलगा ओरडत होता. “माह्या मायची इज्जत गेली, चार गावात हासून राह्यले लोकं.”

माणसाला गाडीत घातला. कॅमेरा दोन पंचांसमक्ष जप्त केला, पंचनामा लिहिला. मुलाचा तक्रार अर्ज घेतला. त्याची एकच अट होती : “मायचं नाव कागदावर नको जी. ते ठाण्यात येणार नाई, तिले काई विचारू बी नका.” मला ते समंजसपणाचं वाटलं. बाईमाणसाची लाज राखायची म्हणून मी मान्य केलं. इथेच मी पहिली चूक केली. दुसरी त्या माणसाला दारातल्या बाकावर बसवून केली.

तो नागभीडचा. वडिलांपासून स्टुडिओ. मुसलमान कुटुंब, तिथलंच. त्याचं नाव कळल्यावर जमावातल्या दोघा-तिघांचा आवाज आणखी चढला होता, हेही नोंदवून ठेवतो, कारण मी ते ऐकलं होतं आणि ऐकूनही काही बोललो नव्हतो. लग्नसराईत आसपासच्या वीस-पंचवीस गावांतली लग्नं तो करायचा, हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकांचे फोटो काढायला वडशाला जायचा. पावसाळ्यात काम नसतं. तेव्हा मोटारसायकल काढून तो धानात फिरायचा आणि स्वतःच्या आवडीचे फोटो काढायचा.

चौकशीला घेतला. मी विचारलं, “तू तिथे काय करत होतास?”

“रोवणीचे फोटो काढत होतो जी.”

“कोणासाठी?”

“कोणासाठी नाई. मलेच पाहाले.”

हे उत्तर पोलिसाला कधीच पटत नाही. माणूस पैशासाठी काही करतो, सूडासाठी करतो, बाईसाठी करतो, हे आम्हाला कळतं. उगाच पाहायला म्हणून कोणी चिखलात उभा राहतो, यावर विश्वास बसायला वेगळं मन लागतं. ते माझ्याकडे नव्हतं.

“गावकऱ्यांना विचारलं होतंस?”

“विचारलं की लोकं सरळ उभे होतात साहेब. पदर घेतात, हात खाली सोडतात. मंग ते रोवणी राहत नाई.” मग म्हणाला, “पण मी दूर रस्त्यावर होतो. त्या बायाइनं मले पाह्यलं होतं. एकीनं हात बी हालवला.”

मी त्याला फिरणारा फोटो दाखवला. त्याने मोबाईल हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. मला वाटलं होतं घाबरेल. तो गिऱ्हाइकाने आणलेला फोटो तपासावा तसा तपासत होता.

“हा माह्या कॅमेऱ्याचा नाई जी. माही लेन्स लांबची आहे, तिच्यात एवढं सगळं मावतच नाई. हा हातभर अंतरावरून काढला आहे. आणि हा कोपरा पाहा, धुरकट आहे. काचेवर चिखल उडाला आहे. माह्या लेन्सवर एक ठिपका दाखवा तुमी.”

सरळ, साधं, खरं सांगत होता. मी काय म्हणालो असेन? “मला शिकवू नकोस.” पस्तीस वर्षांत हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल, देव जाणे, आणि त्यातल्या निम्म्या वेळी तरी समोरचा मला कामाचं काहीतरी शिकवत होता.

कार्डावरचे फोटो मात्र मी पाहिले. सगळे. टेबलावर चहा निवत होता आणि मी एकेक बटण दाबत पुढे जात होतो. त्यात तो फोटो नव्हता. त्यात दुसरंच काहीतरी होतं. वाकलेल्या बायकांची एक ओळ, आणि त्यातली एकच मान वर करून आभाळाकडे बघणारी. धुऱ्यावर डबा सोडून बसलेल्या दोघी, एकीच्या हातातला भाकरीचा तुकडा दुसरीच्या तोंडात जाताना. भर चिखलात उभं राहून एका म्हातारीने घेतलेली जांभई. मी त्या धानपट्ट्यातच जन्मलो, माझी आई रोवणीला जायची, आणि मला ती अशी कधी दिसली नव्हती. हे मला त्या वेळी जाणवलं, खोटं नाही सांगत. तरीही मी कार्ड पाकिटात घालून लाख लावली. गावचं म्हणणं होतं की त्याने फोटो पाठवून मग पुसून टाकला, आणि मला ते सोयीचं होतं.

संध्याकाळी सातला नोटीस देऊन त्याला सोडला, उद्या सकाळी हजर राहायला सांगून. जाताना तो म्हणाला, “साहेब, कॅमेरा ठेवा. महिनाभर ठेवा. पण माहं नाव तेवढं सोडवून द्या. माहं काम घरात जाऊन करायचं आहे. हळदीत, नवरीच्या खोलीत, बायाइच्या मधात उभं राहाचं असते. एकदा नाव गेलं का कोणी उंबऱ्याच्या आत घेणार नाई मले.”

मी म्हणालो, “चौकशी होईल.” आम्ही असंच म्हणतो.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता तो बाकावर हजर होता. धुतलेला शर्ट, ओठ सुजलेला. ठाण्याचं दार बाजाराच्या रस्त्यावर उघडतं. भाजीवाले, शाळेचे मास्तर, बँकेत निघालेल्या बाया, प्रत्येकजण जाताना आत डोकावायचा आणि त्याला बघायचा. काही जण ओळखीचे होते, त्यांनी मान फिरवली. दहाच्या सुमारास त्याला एक फोन आला. तो ‘हो जी, हो जी’ म्हणत राहिला आणि मोबाईल खिशात ठेवला. ठाणे अंमलदाराने विचारलं तेव्हा म्हणाला, दिवाळीनंतरचं एक लग्न ठरलं होतं, ते आता ‘पाहू’ म्हणतात.

मी आत बसून गावच्या माणसांचे जबाब घेत होतो. सात जबाब झाले. पाटील, त्याचा गडी, सरपंच, शेजारी, ट्रॅक्टरवाला. सगळ्यांचं एकच. फोटो काढणारा एकच माणूस तिथे होता, तो रस्त्यावर उभा होता, गळ्यात मोठा कॅमेरा होता. मी प्रत्येकाला न चुकता विचारलं, “दुसरं कोणी फोटो काढत होतं का?” प्रत्येकजण ठामपणे म्हणाला, “नाई.” पाटलानेही तेच सांगितलं, डोळ्याला डोळा देऊन. खोटं बोलणाऱ्याचा आवाज मला ओळखता येतो असा माझा समज होता. पाटलाच्या आवाजात खोटं नव्हतंच, तर ओळखणार काय?

दुपारी आमची महिला हवालदार फाईल घेऊन आली. विदर्भातलीच, शेतकऱ्याची मुलगी, बोलायला कमी. फाईल ठेवली, पण गेली नाही.

“काय आहे?”

“सर, सात माणसांचे जबाब झाले. फोटो बाईचा आहे. बाईले आपण काऊन नाई विचारलं?”

मी म्हणालो, मुलाने नको म्हटलं आहे, तिला संकोच होईल.

“संकोच कोणाले होऊन राह्यला, ते तरी विचारून येऊ,” ती म्हणाली.

माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान, हुद्द्याने कितीतरी खाली. मला राग यायला हवा होता, पण मी समोरची फाईल मिटली आणि उठलो. बाईंचा जबाब घरी जाऊनच घ्यावा लागतो, म्हणून आम्ही दोघं साध्या वेशात गेलो. मुलगा दारात आडवा आला. आतून आवाज आला, “सरक बाजूले. येऊ दे त्याइले.”

बाई ओसरीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. उंच, काळ्यासावळ्या, हाताच्या शिरा दोरीसारख्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे न बघता हवालदारणीला म्हणाल्या, “बस बाई. दोन दिवस झाले, गावभर माह्या फोटोवर बोलून राह्यले. पोरगा भांडला, पाटील भांडला, तुमी केस केली म्हणते. मले तं कोणी फोटो दाखवला बी नाई.”

मी मुलाकडे पाहिलं. तो खाली बघत होता.

हवालदारणीने मोबाईल पुढे केला. बाईंनी तो दोन्ही हातांत धरला, जरा वेळ पाहिला, आणि हसल्या. चांगल्या मोकळेपणी हसल्या.

“बाप्पा! कशी भूत दिसून राह्यली मी.”

मग त्यांनी खालच्या ओळीवर बोट ठेवलं. “हे काय लिवलं?” त्यांना वाचता येत नव्हतं. हवालदारणीने त्यांच्या कानाशी जाऊन वाचलं. बाईंचं हसू गेलं. त्यांनी मोबाईल खाली ठेवला. मग म्हणाल्या, “फोटो खराब नाई. लिवणारा खराब आहे.”

“हा फोटो रस्त्यावरच्या त्या फोटोवाल्याने काढला असं गाव म्हणतं,” मी म्हणालो.

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. शाळेत गणित न येणाऱ्या पोराकडे मास्तर बघतात तसं.

“साहेब, तो तं पार तिकडे सडकेवर होता, माह्या पाठीमागे. मी पाटलाले चिखल लावाले धावली तवाचा फोटो होय हा. पाहा ना, हात भरून चिखल आहे. मी ज्याच्या अंगावर धावून राह्यली, त्याच्याकडेच पाहून राह्यली ना फोटोत? मंग फोटो काढणारा कोण?”

मी मोबाईल पुन्हा हातात घेतला. दोन दिवस तो फोटो माझ्या टेबलावर होता. गावाने त्यातले पाय पाहिले होते. मुलाने पाय पाहिले, सरपंचाने पाय पाहिले, आणि मीही तेच पाहिले होते. चेहरा कोणी पाहिला नव्हता. ती बाई समोरच्या माणसाकडे बघून हसत होती, आणि परक्या माणसाकडे बघून कोणी असं हसत नाही. कोपऱ्यातला धुरकट डाग म्हणजे तिनेच फेकलेल्या चिखलाचा शिंतोडा होता.

तिथूनच पाटलाकडे गेलो. तो अंगणात खुर्ची टाकून बसला होता. चहा सांगायला उठला.

“पाटील, तुमचा मोबाईल पाहू.”

त्याने क्षणाचाही विलंब न करता खिशातून काढून दिला. लपवणारा माणूस असा देत नाही. फोटोंच्या यादीत तो फोटो सापडायला मिनिटही लागलं नाही. तीच वेळ, तोच डाग. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

“हा काय आहे?”

“हा? हा तं पोरीसाठी घेतला जी. नागपूरले आहे ना ते. म्हणे, बाबा, या साली बोजारा पाहाले येणं होत नाई, तं दाखवा मले. घरच्या ग्रुपवर टाकून देल्ला.”

“म्हणजे फोटो तुम्ही काढला.”

“मी?” तो खरोखर बुचकळ्यात पडला. “मी कायचा फोटोवाला जी? मोबाईल तं सगळ्याइकडेच असते.”

आणि बोलता बोलताच त्याचा चेहरा उतरला. फिरणारा फोटो त्याने स्वतः पाहिलाच नव्हता, नुसतं ऐकलं होतं; आता हळूहळू, पाणी मुरावं तसं त्याच्या ध्यानात आलं. तो खुर्चीत बसला आणि त्याने कपाळावर हात ठेवला. त्याच्या लेखी फोटो काढणं म्हणजे गळ्यात कॅमेरा अडकवून आलेल्या परक्या माणसाने करायचं काम. आपण मोबाईल वर धरला, बोट दाबलं, पोरीला दाखवलं, त्याला तो फोटो काढणं समजतच नव्हता. सात जणांनी जबाबात ‘नाई’ म्हटलं होतं आणि सातांपैकी एकही खोटं बोललेला नव्हता. त्यातल्या तिघांनी तर त्या दिवशी स्वतःही मोबाईल वर धरले होते, हे नंतर कळलं.

घरच्या ग्रुपवरून तो फोटो पाटलाच्या पुतण्याने उचलला होता. वडशाला राहणारा, लग्न झालेला, दोन लेकरांचा बाप. ओळ त्याने लिहिली आणि मित्रांना पाठवली. गंमत म्हणून, असं म्हणाला. त्याच्यावर रीतसर गुन्हा नोंदवला, मोबाईल जप्त केला, दोषारोपपत्र पाठवलं. पाटलाने पुतण्यासाठी एक शब्दही टाकला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

पण माझ्यासमोर प्रश्न त्या माणसाच्या नावाचा होता. चौकशीअंती निष्पन्न झालं नाही असा शेरा मी फाईलवर मारला असता, तर तो फाईलमध्येच राहिला असता. बाजारच्या रस्त्याने जाणारे लोक फाईल वाचत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामपंचायतीसमोर गाव बोलावलं. फोटोग्राफरला माझ्या गाडीत, पुढच्या सीटवर माझ्या शेजारी बसवून नेलं. सगळ्यांसमोर सुपूर्दनाम्यावर त्याची सही घेतली आणि कॅमेरा त्याच्या हातात दिला.

पाटील उठून उभा राहिला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

“फोटो मी काढला होता,” तो म्हणाला. “याची कॉलर पह्यले मीच धरली. चुकलं, भाऊ.” आणि त्याने साठ वर्षांच्या माणसाने चार लोकांत जोडावेत तसे, अवघडून, हात जोडले.

बाईंचा मुलगाही पुढे आला, माफी मागितली. मागून बाईंचा आवाज आला, “आता पाटलाचा फोटो मी काढतो, चिखलातला. फिरवा मंग चार गावात!” लोक हसले. पाटीलही हसला. गाव सैल झालं, आणि मला वाटलं, मिटलं.

परत येताना गाडीत मी त्याला म्हणालो, “भाऊ, माझंही चुकलं. दोन दिवस तुम्हाला दारात बसवायला नको होतं.” पहिल्या दिवसापासून मी त्याला अरेतुरे करत होतो. ‘तुम्ही’ म्हणायला मला तीन दिवस लागले, याची लाज वाटली आणि आजही वाटते. तो म्हणाला, “तुमी सगळ्याइपुढं सांगितलं साहेब. लोकं इतकं बी करत नाई.”

त्या वर्षी ‘पाहू’ म्हटलेलं लग्न परत आलं. गावांतली कामंही हळूहळू आली. त्याचं नाव सुटलं. मी निश्चिंत झालो. या प्रकरणानंतर मी ठाण्यात दोन गोष्टी लावल्या. फोटोची तक्रार आली की आधी फोटोतल्या माणसाला विचारायचं, मग बाकी गावाला. आणि जबाबासाठी आलेल्या माणसाला आतल्या खोलीत खुर्ची द्यायची. शिपायांनाही सांगायला लागलो की रस्त्यावर उभं राहून फोटो काढणं हा गुन्हा नाही. कॅमेरा केवढा आहे ते बघू नका. तो फोटो कुठे जातो आणि त्याच्याखाली कोण काय लिहितो ते बघा. निरोपाच्या भाषणातही मी हा किस्सा सांगितला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी माझ्या मुलीचं लग्न झालं. फोटोला मी हट्टाने त्यालाच बोलावलं. तीन दिवस तो घरात होता, हळदीपासून वरातीपर्यंत. महिन्याने अल्बम घेऊन आला. जाड, देखणा, एकही फोटो हललेला नाही. मी पहिल्या पानापासून बघायला लागलो. हळदीत सगळ्या बायका ओळीने उभ्या, पदर सारखे, हात खाली. वऱ्हाडी ओळीने. जेवणाच्या पंगतीत सगळे घास थांबवून कॅमेऱ्याकडे बघणारे. विदाईच्या वेळी मी ढसाढसा रडलो होतो, ते साऱ्या मांडवाने पाहिलं. अल्बममध्ये मी मुलीशेजारी ताठ उभा होतो, डोळे पुसून.

कार्डावरची ती जांभई देणारी म्हातारी मला आठवली.

“भाऊ, पूर्वी तुम्ही असे नव्हते काढत,” मी म्हणालो.

तो अल्बमच्या कडा नीट करत होता. “आता पह्यले विचारतो जी. ‘काढू का?’ म्हणतो. हो म्हणतीन तं काढतो.”

“आणि रोवणीला जाता का पावसाळ्यात?”

“नाई जी. सोडलं ते.”

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. विचारून काढण्यात वावगं असं काही नव्हतंच, आणि ते त्याला शिकवणारा मीच होतो. मी पान उलटलं आणि छान आले आहेत, असं म्हणालो.